लांबी

मॅटॅडोरचा रंग काढायचा
तर आधी रिमूव्हर फासायचा आणि लांब जाऊन उभं राहायचं.
पाच मिनिटांत पांढरा पापडासारखा फोड धरतो.
मग पट्टी तिरकी धरून खरवडायचं,
उभी धरली की ओरखडा.
हे सादिक नागोरीने एकदाच दाखवलं.
दुसऱ्यांदा तो सांगत नाही,
हातातून पट्टी काढून घेतो.

पांढऱ्याखाली पिवळा, तीन वर्षं शाळेची पोरं वाहिली तेव्हाचा.
पिवळ्याखाली मोरपंखी, भाऊंचा.
कार्डावर त्या रंगाला दुसरंच नाव होतं,
भाऊ त्याला 'काशीबाईचं लुगडं' म्हणत.
काशीबाई कोण, ते आईलाही ठाऊक नव्हतं.
दारावर शेवडे साउंड सर्व्हिस, रामबाग.
अक्षरं सोलून निघाली,
'साउंड'वरचा अनुस्वार तेवढा
दुपारपर्यंत चिकटून होता.

गंजाचं तसं नाही.
गंज वरून लावलेला नसतो,
तो पत्राच असतो.
पायदानाखाली, बॅटरीच्या ट्रेखाली, टपाच्या गटरीत
तारेचा ब्रश फिरवत गेले
आणि जेवढा गंज काढला तेवढी गाडी कमी झाली.
रुमालात शिंकले तर रुमाल विटकरी.

सादिककडे एक चुंबक आहे,
भाऊंच्याच फुटक्या भोंग्यातलं, मीच दिलेलं.
ते तो पत्र्यावरून नेत होता, खट, खट, चिकटत,
आणि डाव्या हेडलाइटच्या मागे
ते हातातून सुटून खाली पडलं.
"पुट्टी है दीदी. अंगूठे जित्ती मोटी."
आम्ही तिला लांबी म्हणतो, मी म्हटलं.
"कुछ भी बोलो. लोहा दूर है."

ग्राइंडरने तास गेला.
लांबी भाकरीच्या पापुद्र्यासारखी उडत राहिली,
खाली खड्डा, परातीएवढा,
आणि त्याच्या वरच्या कडेला
आणखी एक, लहान, खोल.
सादिकच्या पोऱ्याची सायकल भिंतीला टेकलेली होती.
का कोण जाणे, मी ती आणून शेजारी लावली.
हँडलची मूठ त्यात बसली.
लगेच काढली.

चौऱ्याऐंशी साल. झांक्यांची रात्र.
भाऊ उजाडताना घरी आले होते, चालत,
हातात चपला.
गाडी पुढे महिनाभर देवासच्या कुठल्याशा गॅरेजात.
'घाटात बंद पडली,' म्हणाले.
इंदूर-देवास रस्त्याला घाट नाही.
मी तेव्हा सातवीत होते, मला माहीत होतं.
आईला तर होतंच. तिने पाणी तापवलं.

नंतर रात्रीची ऑर्डर आली
की ते ड्रायव्हर ठेवायचे, वीस रुपये आणि जेवण देऊन,
आणि स्वतः मागे बसायचे, भोंग्यांमध्ये,
मांडीवर अॅम्प्लिफायर.
आम्ही समजायचो, मशीनला जपतात.

"निकाल दूँ?" सादिक हातोडी घेऊन उभा.
घंट्याभराचं काम, म्हणतो, आतून ठोकलं की पत्रा मूळ जागी.
गिऱ्हाईक बडोद्याचं आहे,
त्याला हिच्यात कॉफी विकायची आहे,
त्याने फोटो मागितलेत.

पाच वाजून गेले होते.
उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नसतो,
दव बसतं, सकाळी पुन्हा पिवळा.
सियागंजातून आणलेला रेड ऑक्साइड
पोऱ्या काडीने ढवळत होता.

राहू दे, म्हटलं. असाच रंगव.
"और गिराक पूछेगा तो?"
पूछेगा तो,
म्हणून मी डबा उचलला.
पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं,
अजून नाही.

नऊ वाजता सगळी गाडी वाळली होती,
गेरूसारखी, एकरंगी, दिव्याखाली.
खड्ड्यात रंग साचला होता.
तो बोटाला लागला.