काळा सोट

फैजपूर रस्त्यावर, केळीचे ट्रक वजनकाट्यापाशी खोळंबतात तिथं
आमचं हॉटेल. पाटीवर यांनी खडूनं लिहिलं:
रविवारी कालसोट.
सकाळपासून तिघांनी विचारलं,
वहिनी, हा काळा सोट कोणाच्या पाठीत?

नऊ हिवाळे हे तारागोनाजवळच्या गावात,
नुरियाबाईंच्या भटारखान्यात होते.
तिकडं म्हणे माघात वेलींच्या काटक्या पेटवतात,
लांब कोवळे कांदे जाळावर टाकतात पार कोळसा होईस्तोवर,
मग वर्तमानपत्रात गुंडाळून घाम फुटू देतात.
माती चढवून चढवून पांढरे केलेले कांदे.
‘कांद्याला बूट घालणं, असं म्हणतात ते.’
‘आपण भर लावतो,’ मी म्हटलं. ‘तेच की.’

इथं द्राक्षवेल कुठली. पऱ्हाट्या आणल्या,
डिगंबर झोपेंच्या वावरातून, ट्रॉलीभर.
बदाम परवडेनात. शेंगदाणे, लसूण,
भाजलेली टमाटी, लाल मिरची
मी पाट्यावर वाटली. यांनी बोट चाटलं,
डोळे मिटले, म्हणाले, ‘जवळ आहे.’
कशाच्या जवळ, ते मी विचारलं नाही.

माणसं आली. पहिला प्रश्न: वांगी कुठायत?
थंडीचे दिवस, पऱ्हाटीचा जाळ, आणि भरीत नाही?
समजुतीला सहा वांगी कडेला लावली.

यशवंतबापू अत्तरदे लाळेरं बांधून घेईनात.
फ्रूटसेल सोसायटीचे माजी चेअरमन, वय अठ्ठ्याहत्तर.
शेवटी नातीनं बांधलं.
त्यांनी काळं साल ओढलं, आत वाफाळता पांढरा दांडा,
चटणीत बुचकळून, मान मागं टाकून, वरून सोडला.
ओघळ हनुवटीवर. ‘गोड निघाला भो कांदा!’
मग सगळ्यांनीच माना वर केल्या,
विमान गेल्यासारख्या.

माझ्याकडं एक फोटो आहे, चौथ्या हिवाळ्यातला.
हे, काळे हात, गळ्यात लाळेरं, हसताना.
एवढं हसताना मी त्यांना हळदीतही पाहिलं नव्हतं.
मानेमागची गाठ फोटोत येत नाही.
ती कोणी मारली असेल,
यावर मी पाच वर्षं भाकरी थापल्या.

दिवेलागणीला गिऱ्हाईक पांगलं.
राखेत तीन कांदे उरलेले.
मी धुतलेला पंचा घेतला, म्हटलं, बसा.
गाठ मारली.
‘थोडी ढिली कर.’
केली नाही.
कळण्याची भाकरी तव्यावर होती
आणि वांगी अजून सोलायची होती.