शेवटची पायरी

कोशित्सेत, चौथ्या मजल्यावर
झेल्मीरा उकडलेलं अंडं सोलते.
बलक दुधात घोटून, गाळून
नळीतून ल्युबोशच्या पोटात.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर जिना काढला होता:
पेशी तीसेक पायऱ्या चढते,
आणि अगदी शेवटच्या पायरीवरचं एन्झाइम
एक दुहेरी बंध सोडवायला
कामावर येतच नाही.
कोलेस्टेरॉल उंबऱ्याशी अडतं.

पायाची दोन बोटं जुळलेली त्याची,
दुसरं नि तिसरं.
मोजा घालताना ती तिथे जराशी थांबते.

तळमजल्यावरचे होर्न्याक आजोबा.
त्यांचं सुरुवातीच्या पायरीवरचं एन्झाइम
भलतंच कष्टाळू,
रोज रात्री गोळी देऊन गप्प बसवायचं.
बलक वर्ज्य.
मळ्यात कोंबड्या मात्र सात.

शनिवारी बेल न वाजवता
दाराशी टोपली.
आज एका अंड्याला पीस चिकटलेलं.
ल्युबोशनं ते
मुठीतून सोडलंच नाही.