वखारीतली बेटं

पहिली तबकडी मिळाली बेळगावात, खडेबाजारात,
कॅम्पातल्या कायतान परेराच्या घरचं सामान निघालं तेव्हा,
रसूल भंगारवाल्याकडं, इस्त्री आणि फुटक्या कंदिलाच्या मध्ये.
दोन रुपये. वर माडाचं चित्र.
वाटलं, गोव्याचं काही असेल.

निपाणीला आणून लावली.
सूर एका जागी उभाच राहीना,
ओल्या पाटावरून तांब्या सरकावा तसा सरकत आला
आणि कडेला येऊन थांबला.
मी भूपाल चौगुले, वखारीत काटा धरणारा,
तंबाखूच्या पानाची प्रत बोटांनी सांगणारा.
ह्याची प्रत मला सांगता येईना.

सात वर्षांत एकसष्ट झाल्या.
एका रविवारी सगळ्या ओळीनं ऐकल्या, तेव्हा कळलं:
चव्वेचाळीस एकाच जातीच्या.
तोच चंद्र, त्याच लाटा, तोच गोड गळ्याचा गडी
हॉटेलातल्या पाहुण्यांना इंग्रजीत अंगाई म्हणणारा.
एकाच वाफ्यातलं पान चव्वेचाळीस पोत्यांत भरून
मी त्याला संग्रह म्हणत होतो.

तीस विकल्या.
पद्मावती म्हणाली, बरं झालं, खरं उरलेल्या ठेवणार कुठं?
मग मागवत गेलो, थोडं थोडं, पगार बघून:
गुराख्यांची गिटार, तारा मुद्दाम सैल सोडलेल्या,
देवळातलं चार आवाजांचं गाणं, मागं बाकं कुरकुरतात,
उकुलेले, ज्याच्या पार्सलवर पोस्टातले कोळेकर म्हणाले,
हे लेले कोण, पुण्याचे काय?
आणि एक म्हातारा, नुसता बोलल्यासारखा गाणारा,
सोबत शार्कच्या कातड्याचा ढोल.

ढोलाला तिकडं म्हणतात पाहू.
गाण्याला म्हणतात मेले.
मी वहीत लिहिलं: मेले, पाहू.
पोरगी हसून लोळली.
आप्पा, मेल्यावर बघू म्हणताय काय?

पाकिटावर बारीक अक्षरात होतं,
ही भाषा शाळेत बोललं तर एके काळी छडी बसायची.
दोनदा वाचलं.
बाहेर चौकात कुणी एका पाटीला डांबर फासत होतं.
कुठल्या भाषेतल्या, ते सांगत नाही.

हौसाक्का पान निवडायला असते वखारीत,
पगाराचा हिशेब विचारायला घरी आली
आणि उंबऱ्यातच थांबली. आत उंच, पातळ गळा चालला होता.
ऐकलं, आणि म्हणाली,
बाई न्हवं ही. बाप्या हाय.
खाली बसली. आणखी चार ऐकल्या.
देवाचं झालं, घोड्यावरचं झालं, नाचायचं झालं.
खरं कोण गेलं की रडत्यात कसं तिकडं?

मी वही चाळली. पुढून, मागून.
इतका समुद्र गोळा केला होता
आणि त्यात एक माणूस बुडालं नव्हतं.

दोन वर्षं पत्रं लिहिली.
आली ती तबकडी नव्हे, कॅसेट, फडक्यात गुंडाळलेली.
गिटार नाही, ताल नाही, कुणा म्हातारीचं स्वयंपाकघर असावं.
मध्येच ती खोकते. झाकण पडतं कशाचं तरी. थांबत नाही.
ह्या रडण्याला नाव आहे: कानिकाऊ.

हौसाक्काला बोलावलं.
नाव ऐकून म्हणाली, कानी काऊ?
म्हंजे कावळा शिवला की.
मग काही बोलली नाही.
तंबाखूनं पिवळी झालेली बोटं
गुडघ्यावर एक एक उलगडत होती, जणू पान पसरतेय.
टेप संपली, तरी चाक फिरत राहिलं.

तिचं कोण गेल्तं?
माहीत नाही, म्हटलं. लिहिलेलं नाही.

परत लाव, ती म्हणाली,
खरं आवाज बारीक कर.
शेजारी हळद हाय.