थुंकी

सुईत दोरा ओवायचा तर आधी टोक ओठांत धरावं,
जिभेवरून एकदा फिरवावं, चिमटीत पीळ द्यावा.
अडतीस वर्षं हेच.
आता दोरा तोंडात जातो तसाच बाहेर येतो,
कोरडा, फिसकटलेला,
आणि सुईला नेढी दोन दिसतात.

चैत्रात डाव्या बरगडीवर नागीण उठली.
कासाराच्या म्हातारीनं गेरूचं कुंपण घातलं,
म्हणाली, तोंड-शेपटी भेटू देऊ नको.
मी सदरा वर करून टेप लावला:
कण्यापासून पुढं पावणेसोळा इंच.
छातीच्या हाडाअलीकडं दोन बोटं थांबली होती.
फोड वाळले, खपल्या गेल्या,
ती मात्र आत राहिली.

कापड अंगाला लागलेलं सोसेना.
शिंप्याला, कापड!
टेरिकॉट म्हणजे विस्तव.
जुन्या धोतराचा विरत आलेला तुकडा तेवढा चाले,
तो बनियनला आतून लावून घेतला,
शिवण बाहेर ठेवून.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहिली.
इथं पारोळ्यात मेडिकलवाल्या पोरानं चिठ्ठी वाचली,
माझ्याकडं बघितलं, आवाज खाली आणला:
"भो, हाई ते डोकानी गोळी शे."
संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या हाका मऊ झाल्या.
ज्यांची शिलाई दिवाळीपासून बाकी होती,
ते गुपचूप देऊन गेले.
बाई म्हणाल्या होत्या, गोळी मनासाठीच निघाली,
पण नसाही तिचं ऐकतात.

दहा, मग पंचवीस.
आग विझली नाही. शेजारच्या खोलीत गेली,
दार लोटून बोलत बसते.

मे महिना, पत्र्याखालचं दुकान.
घरी अंगणात कोकिळानं बिबडे घातलेले,
माझी जीभ त्यांच्याच रांगेतली.
नऊ वाजेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही,
हा नियम केला,
पाटलांच्या सफारीची एक बाही आखूड गेल्यावर.
गोळी दहाऐवजी आठला.
उठताना खाटेवर बसून वीस आकडे,
नाहीतर भिंत अंगावर येते.
मोरीत नळ थोडा सोडून उभा राहतो,
पाणी पाण्याला बोलावतं, कधी लवकर, कधी नाही.
स्वप्नं पडतात ती मोठ्या पन्ह्याची,
रंग इतके पक्के की सकाळीही उतरत नाहीत.

हिलालभाऊ गेला.
समोरासमोर दुकानं, तो चपला, मी पँटी.
तिरडीजवळ माझे डोळे कोरडे.
आत काहीतरी हललं, वर आलं नाही.
लोक म्हणतात, डोळ्यांना थुंकी लावून रडतो मेला.
लावायला ती तरी कुठं होती.

मग सोडली गोळी, कुणाला न विचारता.
तिसऱ्या रात्री ती दार उघडून आली.
कोकिळा पहाटेपर्यंत माझ्यावर चादर
दोन्ही हातांनी उचलून धरून बसली, तंबूसारखी,
कुठं टेकू नये म्हणून.
काही बोलली नाही. हात बदलता येत नव्हते तिला.
सकाळच्या बसनं धुळे.
बाई रागावल्या. बरोबरच होतं.
उसवायचंच असेल तर टाक्याटाक्यानं,
हे मला कळायला हवं होतं.

आता आफताब शाळेआधी येतो,
दहा सुयांत दहा रंग ओवून
उशीला टोचून जातो.
एका सुईचे पंचवीस पैसे म्हणाला होता, नंतर घेईना.
खिशात लवंगा. मशीनशेजारी तांब्या.

परवा तहसीलमधले बागूल पँट टाकायला आले.
बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटून सुटली,
टक्.
तो आवाज मी ओळखतो.
तांब्या पुढं सरकवला.
"दहाची?"
ते दाराकडं बघत म्हणाले, "पंचवीस.
पायांत आग. साखरेमुळं.
दोन आठवडे झाले."
आणखी विचारलं नाही.
टेप कमरेभोवती फिरवला, छत्तीस.
वहीत छत्तीसच लिहिले
आणि त्यांना न सांगता
आत दोन इंच दाब ठेवला.