आठ फुटाला एक इंच

सिल्लेवाड्याच्या खाणीत मी एकतीस वर्षं पंप चालवला.
जमिनीखाली पाणी कुठून पाझरतं,
कुठं साचतं, कुठल्या पाइपातून वर जातं,
झोपेतही सांगितलं असतं.
आणि रिटायर होऊन हुडकेश्वरला प्लॉट घेतला
तर लिंबाखाली वीतभर पाणी
नऊ दिवस हलेना.

काळी कन्हार.
मे महिन्यात तिला भेगा पडतात.
एका भेगेत स्कूटरची चावी गेली,
तार घालून पाहिलं, चिमटा घालून पाहिलं, नाही.
श्रावणात तीच माती फुगली, भेग मिटली,
चावी आत, तोंड बंद.
चपलेला किलोभर चिकटते.
फाटकापासून नळापर्यंत जाईतो
मी दोन इंच उंच होतो.

लिंबाची पानं पिवळी. बुडाशी डिंक.
पंचफुला म्हणाली, खत कमी पडतंय.
मी दीड फूट खड्डा खणला, बादली ओतली,
जुन्या सवयीनं घड्याळ लावलं.
चहा झाला. पेपर झाला. दुपारची झोप झाली.
पाणी एक बोट उतरलं होतं
आणि त्यात एक बेडूक येऊन बसला होता,
भाडं भरल्यासारखा.

कोणी म्हणालं, रेती घाला.
कन्हानची एक ट्रॉली ओतली.
उन्हाळ्यात वाफ्याची वीट झाली,
कुदळ मारावी तर ठणका खांद्यात.
ती वीट अजून आहे. तिच्यावर कुंड्या ठेवतो.

दिवाळीनंतर चारच दिवस मिळतात.
आधी चिखल, नंतर दगड, मधे हे चार,
मुठीत दाबली की गोळा होते
नि अंगठ्यानं टोचली की फुटते.
त्या चार दिवसांत हिवराज उइकेला बोलावलं.
त्यानं सब्बल टेकवली, थोडी रेटली, काढली, वास घेतला.
म्हणाला, "काकाजी, हे माती घेते बरोबर. देत नाही."

चर गुडघाभर खोल.
तळाला गिट्टी, वर भोकांचा चार इंची पाइप,
भोकं खालच्या अंगाला,
पुन्हा गिट्टी, जाळी,
मग शेणखत आणि कडुनिंबाचा कुजका पाला.
उतार आठ फुटाला एक इंच.
तीनदा मोजला.

पुढच्या पावसात पाणी एका रात्रीत गेलं.
मी छत्री धरून उभा होतो,
पंपाजवळ उभं राहावं तसा, कान लावून.
सकाळी बेल वाजली.
दारात पौनीकर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
"तुमचं पाणी आमच्या देवघराच्या भिंतीत आलं."

एकतीस वर्षं पाणी वर फेकलं.
वर म्हणजे कुठं, कधी विचारलं नव्हतं.
कोणाचं शेत होतं तिथं, कोणाची विहीर,
ते आमच्या शिफ्टमध्ये येत नव्हतं.

रविवारी वीस मीटर पारदर्शक नळी आणली,
पाणी भरलं, टिचक्या मारून बुडबुडे काढले.
एक टोक माझ्याकडे, एक पौनीकरांकडे,
मधे कंपाउंडची भिंत.
"आलं का?"
"हलतंय अजून."
"आता?"
"थांबलं. खूण करतो."
त्यांचा प्लॉट आमच्याहून वीतभर खाली निघाला.
बिल्डरनं दोघांनाही सपाट म्हणून विकला होता.

भिंतीला बुडाशी भोक पाडलं.
मागच्या कोपऱ्यात चार फूट त्यांचे, तीन माझे,
तेवढी जागा खोलगट करून सोडून दिली.
कर्दळ लावली, अळू लावलं.
पाणी तिथं येऊन बसतं, दोन दिवस राहतं,
मग जातं. खाली कुठं जातं
हे दोघांनाही अजून विचारता आलेलं नाही.
बेडूक तिकडं राहायला गेला.

लिंबाला पालवी फुटली, एकाच अंगानं.
दुसरं अंग कापायचं का, पंचफुला विचारते.
बघू, म्हणतो.

चावी चरातही निघाली नाही.
स्कूटर दुसऱ्या चावीवर चालते.