मठाचं खातं

आमच्या तांबट आळीतल्या दुकानात
लाल कापडी पुठ्ठ्याची एक चोपडी आहे.
पान एकोणीस, आजोबांचं मोडीकडे झुकलेलं अक्षर:
‘जागत्या बायांचा मठ. ओस्तीचा साचा एक, कान तुटका.
मजुरी सव्वा रुपया. आले एक रुपया दोन आणे.
बाकी दोन आणे.’

त्या पाचजणी आगबोटीनं आलेल्या, बेल्जमातून.
नाशिक रोडला उतरल्या तेव्हा ऊन मी म्हणत होतं.
थोरलीचं नाव मदर गोदेलीव्ह;
दिवेलागणीपर्यंत गावानं तिची गोदाबाई केली.
व्रत एवढंच, की रात्रीच्या प्रत्येक प्रहराला
एक तरी बाई जागी हवी,
निजलेल्या गावाच्या वतीनं.
गावाला हे कुणी विचारलं नव्हतं.

चर्च बांधलं वडारांनी, काळ्या दगडात.
तीर्थाच्या कुंडीवर हाताच्या सवयीनं कमळ उमटलं.
गोदाबाईनं छिन्नी थांबवली, बघत राहिली,
म्हणाली, राहू दे.

भिंतीत एक लाकडी पिंप, उभं, फिरतं.
पलीकडून साचा ठेवत, फिरवत,
अलीकडे तो यायचा कोमट, पिठाच्या वासाचा,
आणि मागून फक्त आवाज: भाऊ, कधी मिळेल?
आजोबांनी साठ वर्षांत एकही तोंड पाहिलं नाही.
दर वेळी दोन आणे मात्र मागे ठेवले.
आजी चिडायची. ते म्हणायचे,
खातं बंद झालं तर जायचं कशाला?

मग वडिलांचं अक्षर, निळी शाई, पाण्यानं फुटलेली.
पुराच्या रात्री मठानं पहिल्यांदा दार उघडलं.
अख्खी आळी चर्चच्या फरशीवर, भांड्याकुंड्यांसकट.
मी चार वर्षांचा. मला आठवतात
बाकांमधून हिंडणारी अनवाणी पावलं
आणि कंदिलाचा रॉकेल-वास.
आम्ही सगळे झोपलो त्या रात्री.
चोपडीत पुढे: ‘घंटेचा लोळक नवा. मजुरी नाही.’

नंतर संगमनेरच्या, श्रीरामपूरच्या पोरी आल्या,
ओव्यांच्या चालीवर स्तोत्रं म्हणू लागल्या.
नंतर कुणी येईना.
ओस्त्या प्लास्टिकच्या पुड्यांतून येऊ लागल्या, यंत्रावरच्या.

मागच्या गुरुवारी सिस्टर बेनिल्डा साळवेंचा निरोप.
आता दोघीच उरल्यात; दुसरीला ऐकू येत नाही.
महिनाअखेर मठ बंद, दोघी पुण्याला.
पिंप कुरकुरत फिरलं.
साचा आला, गार. पहिल्यांदाच गार.
फटीतून क्षणभर तिचा हात दिसला:
मनगटाजवळ भाजल्याचा चंद्रकोरी डाग,
वडिलांच्या हातावर होता तसाच, माझ्या आहे तसा.
साच्याशेजारी कागदात गुंडाळलेली
एक जुनी दोन आण्यांची चवली, चौकोनी, घासून पिवळी.
‘आमच्या वहीतही आहे हो ती बाकी,’ आवाज म्हणाला.

मी साचा घेतला.
चवली पिंपात ठेवली, परत फिरवली.
बयाणा समजा, म्हटलं, पुढच्या कामाचा.

पलीकडे बराच वेळ काही हललं नाही.