न मागितलेला चेंडू

पुंडलिक तारी फेकायचा, मी झेलायचो.
अख्ख्या आचऱ्यात बेसबॉल आम्हा दोघांनाच ठाऊक,
बाकी गाव क्रिकेटचं.
त्याच्या खलाशी मामानं कुठल्याशा बंदरातून आणलेला
एकच ग्लोव्ह. खाऱ्या हवेनं कडक व्हायचा,
म्हणून खोबरेल चोळायचो,
मग मुंग्या.

ओहोटीच्या ओल्या वाळूत अंतर मोजायचं,
साठ फूट सहा इंच, होडीच्या दोरीनं.
मी उकिडवा, मांडीआड बोटं:
एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा,
तीन, सावकाश.
तो मान हलवायचा
आणि मागितला तोच चेंडू, मागितल्या जागी.
वीस वर्षांत एकदाही त्यानं मनाचं टाकलं नाही.

राज्याच्या संघात सात वर्षं होता.
घरी यायचा तेव्हा बॅग हलकी.
बक्षिसाचं घड्याळ? 'पडला खंय तरी.'
ब्लेझर? 'गाडयेत रवलो.'
शालन चिडायची: ह्या माणसाच्या हातात
काही म्हणून टिकत नाही.

गेल्या पौषात तो गेला.
बाराव्याला माणसं आली, तळाशीलची, मुणग्याची,
ओळख ना पाळख, अंगणात नुसती उभी.
मग सुलेमान मुजावर म्हणाला, 'होडीचं इंजिन.'
एक म्हातारी म्हणाली, 'डायलिसिस, दोन वर्षां,' आणि बसलीच खाली.
एका पोरानं काही न बोलता
पँट वर करून जयपूर फूट दाखवला.

मी भात वाढत होतो.
शालननं सुतळीनं बांधलेला पावत्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.
मनीऑर्डरी. त्यात माझ्या लेकीचं नाव,
नर्सिंग कॉलेज, मिरज, दर जूनला.
पाठवणार: क्रीडा मंडळ.

त्या मंडळाला आम्ही आभाराचं पत्र लिहिलं होतं.
पत्ता मिळेना,
म्हणून तारीकडेच दिलं, पोचवायला.
खिशात घालत म्हणाला, 'देतंय.'

ग्लोव्ह आता मच्छीमार सोसायटीत खिळ्याला आहे,
तोंड वर करून.
कुणी नोट टाकतं, कुणी काढतं.
बघायचं नाही असा काही ठराव नाही,
पण तिकडे कुणी वळलं
की सेक्रेटरीला खिडकीतला समुद्र आठवतो.

कधी ओहोटीला मी एकटाच उकिडवा बसतो.
गुडघे वाजतात.
हा एक चेंडू मी मागितला नव्हता, तारी.
तळवा अजून चुरचुरतो.